लाल पट्ट्याची टोळी

वर्धा जिल्ह्यात मी भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. पिशवीत दोन जोड कपडे, एक शाल आणि बाकी सगळी पत्रकं. साताऱ्याकडच्या आमच्या आठ-दहा जणांच्या गटाने छापलेली, पिवळ्या कागदावर, एका बाजूला. विषय एकच, वाताची पुडी.

तुमच्या गावातही ती येत असेल. मोटरसायकलवरून एक माणूस येतो, बाजाराच्या कडेला ताडपत्री अंथरतो, चार मुळ्या, एक वाळकं खोड आणि काचेच्या बरण्या मांडतो. गुडघा असो, कंबर असो, मान असो, सगळ्यांना तीच करडी पुडी. शंभर टक्के जडीबुटी म्हणे. घेतली की दुसऱ्या दिवशी कुबडी टेकणारा माणूस जिना चढतो. का चढणार नाही? अशा पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. पुढे काही महिन्यांत तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि माणूस तरीही पुढच्या बाजाराची वाट बघत असतो. कष्टकऱ्याच्या दुखण्यावर चाललेली ही लूट, आणि वर तिला झाडपाल्याचं सोवळं नाव. माझा सगळा संताप मी त्या पत्रकात ओतला होता. शेवटची ओळ जाड अक्षरांत होती आणि ती माझीच होती: "वाताची पुडी आजच चुलीत टाका." गटातला एक जण म्हणाला होता, छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, पत्रक आहे, प्रबंध नाही.

आंजी (मोठी)

फेब्रुवारीची सुरुवात होती. वर्ध्यात सकाळी पोह्यांवर लालभडक तर्री ओतून दिली, ती खाऊन कानांतून वाफ निघाली, आणि त्याच तारेत आंजीला पोचले. तिथल्या शाळेत शिकवणारे एक सर आमच्या गटाला फोनवरून ओळखत होते. त्यांच्याकडे उतरले.

दुपारी सोलेभात होता. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. आमच्याकडे तूर म्हणजे डाळ, ती डब्यातूनच निघते. इथे हिवाळाभर शेंगा सोलून दाणे भातात, वांग्यात, आमटीत, जिथे जागा मिळेल तिथे घालतात. मी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा सरांच्या बायकोने न विचारताच वाढला.

जेवणानंतर सरांनी पत्रक वाचलं. एकदा, मग परत एकदा.

"ताई, एक सांगा. तुमी पुडीले शिव्या देऊन राह्यल्या का पाल्याले?"

"दोन्हींना. झाडपाल्यावरचा आंधळा विश्वास आहे म्हणूनच पुडी खपते."

"हं," सर म्हणाले. "समुद्रपूरकडं माही मावशी हाय, गयाबाई. हळदीच्या वावरात टोळी घेऊन जाते. तिच्याकडं दोन दिस राहा. मंग पाल्यावर लिव्हा."

मला वाटलं, सर मावशीची तरफदारी करत आहेत. तरी पत्ता लिहून घेतला. संध्याकाळी गावात पत्रकं वाटली.

नाचणगाव

पुलगावला लागूनच हे गाव. एका अंगणात पंचवीस-तीस बायामाणसं जमली होती. मी जोरात बोलले. आपलं बोलणं लोकांना लागतंय हे कळत होतं, आणि कळलं की मी आणखी जोरात बोलते. "आजच चुलीत टाका" म्हटल्यावर टाळ्या पडल्या. मागून एका बाईने विचारलं, "टाकली. मंग दुखनं कुठं टाकाचं?"

लोक हसले. मीही हसले. आणि पत्रकं वाटायला घेतली.

समुद्रपूरच्या पुढे

गयाबाईंच्या गावाचं नाव लिहीत नाही. शोभाने तशी अट घातली आहे. शोभा कोण ते पुढे येईल. एवढंच सांगते की समुद्रपूरहून पुढे काळी जमीन सुरू होते, डोळ्यांना शेवट न लागणारी. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या, मध्ये हरभरा, आणि मधूनच हळदीचं शेत. पानं वाळून आडवी पडलेली. बाहेरून बघितलं तर वाटतं, जळून गेलेलं रान आहे. सगळी दौलत खाली.

हळद मला नवी नाही. पण आमच्याकडे हळद म्हणजे पोती आणि भाव. गयाबाईंनी ताजं कांड मोडून हातात दिलं तेव्हा मी आतला रंग बघतच राहिले. पिवळा म्हणवत नव्हता, तापलेला केशरी.

गयाबाई पन्नाशीच्या असतील. उंच, साडीवर पुरुषी फुलशर्ट, डोक्याला दुपट्टा. दोन एकर स्वतःचं वावर आणि बाकी वेळ दहा बायकांची टोळी.

"तुमीच का पत्रकवाल्या? भाच्यानं फोन केलता. बसा. चांगली साडी घालून हळदीत येत असते का कोनी?"

"ही साधीच आहे."

"आता साधी होईन."

झालीही. हळद काढणीचं काम मी पहिल्यांदा कंबरेतून समजून घेतलं. खणलेला गड्डा उचलायचा, माती झटकायची, उकिडवं बसून मोडायचा, मातृकंद वेगळा, बोटं वेगळी, टोपली भरली की डोक्यावर घेऊन कढईपर्यंत. तिथे उकळायची, आणि मग उन्हात पसरून दिवसभर खालीवर करायची. चार तासांत माझे गुडघे बोलायला लागले. इथे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. शब्दातच दुखणं ऐकू येतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळ्या जणी गयाबाईंच्या अंगणात ओळीने बसल्या. चुलीवर निर्गुडीचा पाला उकळत होता. कडवट, नाकात घुसणारा वास. दुसऱ्या चुलीवर लोखंडी पळीत जवसाचं तेल, त्यात लसूण आणि ओवा. आणि मग सुरू झालं ते मी कुठेच पाहिलं नव्हतं. ओळीतल्या प्रत्येकीने आपलं दुखणं मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगायचं.

"माहा खांदा. डावा."

"बोलून बोलून दुखला असन."

"खांद्यानं बोलते का मी?"

"तू आंगभर बोलतं वो."

हसणं थांबलं की गयाबाई खांदा दाबून बघायच्या. कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का, मुंग्या येतात का, पडलीबिडली होतीस का, घरी आणखी काय खाते-पिते. मग निर्गुडीचा शेक, तेलाचा हात, आणि ज्यांचं जास्त आहे त्यांना लेप. हळद तेलात कालवायची, नखाएवढा चुना टाकायचा. चुना पडला की हळद रक्तासारखी लाल होते. जुन्या धोतराच्या पट्टीवर तो लेप घेऊन सांध्यावर बांधायचा.

"याने जातं दुखणं?" मी वही काढून विचारलं. भांडणाच्या तयारीत होते.

"जात नाई," गयाबाई म्हणाल्या. "झोप लागते. झोप लागली तं दुसऱ्या दिवशी मानूस मानसात राहते. पाल्याले याच्याहून जास्त मांगू नये."

माझं भांडण तिथेच निम्मं संपलं. पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली.

वावराच्या मालकाचं नाव अरविंदभाऊ. ते मोटरसायकल उभी करून टोळीपुढे आले आणि त्यांनी नमस्कारचमत्कार न करता विचारलं, "आज किती लाल?"

"तीन," गयाबाई.

"तीन? परवा तं एकच होता."

"परवापासून तुमी टोपल्या काठोकाठ भरून डोक्यावर देऊन राह्यले. कमी भरा, कमी लाल होईन."

"बाई, तुमी माह्या वावरात सरपंच झाल्या."

"सरपंचाचे टोंगळे दुखत नाई, भाऊ."

अरविंदभाऊ कुरकुरले, आणि मग मुकाट्याने कामं वाटली तशी वाटू दिली. नियम असा: जिच्या अंगावर लाल पट्टा आहे, तिला उकिडवं बसायचं काम द्यायचं नाही आणि डोक्यावर ओझं द्यायचं नाही. तिने उभ्याने हळद पसरायची, कढईचा जाळ बघायचा. मजुरी तीच. पट्टा तीन दिवस. तीन दिवसांत उतार नसेल, सांधा गरम आणि फुगलेला असेल, ताप असेल, तर चौथ्या दिवशी पाला बंद आणि दवाखाना. गयाबाई स्वतः घेऊन जातात.

मी कामगारांच्या हक्कांवर सात पत्रकं लिहिली आहेत. सातही मला त्या क्षणी पांचट वाटली. आमच्याकडे सावड असते, एकमेकींच्या शेतात फेडीने राबतात. पण दुखणं ज्याचं त्याने घरी नेऊन भिंतीकडे तोंड करून शेकायचं. इथे दहा बायकांनी दुखणं अंगणात आणलं, त्याला लाल रंग दिला आणि मालकाला ते मोजायला लावलं. हळद औषध म्हणून किती चालते यावर डॉक्टरांनी खुशाल वाद घालावा. मला तो लेप कामाच्या करारासारखा दिसला.

"हे सुरू कोणी केलं?" मी विचारलं.

"कोनं केलं?" गयाबाई म्हणाल्या. "एका साली चौघी जनी एकाच हप्त्यात आजारी पडल्या. हळद वावरात पडून राह्यली. तवा कास्तकारालेच समजलं का लाल बरा."

शोभा

टोळीत सगळ्यात चपळ शोभा. चाळिशीची. इतर जणी एक गड्डा मोडतात तेवढ्यात ही दीड मोडायची. ओळीत तिची पाळी आली की म्हणायची, "माहं काई नाई, पुढं चला." लाल पट्टा तिने कधी बांधलाच नव्हता. तोंड गोल, भरलेलं. हात मात्र काटक्या. माझ्याच पत्रकात लिहिलं होतं, पुडीने तोंड सुजतं आणि हातपाय बारीक होतात. माझ्यासमोर बसून भाकरी खाणारं ते तोंड मला दिसलं नाही.

त्या दुपारी गयाबाई दुसरी कढई आणायला गावात गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी पत्रकं काढली. लाल पट्टा बघून मी पेटलेली होते, छान बोलले. पुडीवाला तुमचा पट्टा कसा सोडवतो ते सांगितलं. पुडी खाल्ली की दुखत नाही, दुखलं नाही की मालक पूर्ण काम घेतो, आणि सांधा आतल्या आत झिजत राहतो. बायका मन लावून ऐकत होत्या.

शोभाने विचारलं, "ताई, कोनी लय दिवसापासून घेत असन, अन् एकदम बंद केली तं चालते?"

मी म्हणाले, "एकदमच बंद करायची. विष काय चमच्याचमच्याने सोडतात का?"

सगळ्या हसल्या. शोभाही.

पुढचे दोन दिवस मी शिकण्यात घालवले. निर्गुडी नाल्याकाठची घ्यायची, रस्त्याकडची नाही, तिच्यावर धूळ आणि फवारा बसतो. रुईचं पान शेकून बांधतात, पण चीक डोळ्याला लागला तर डोळा जातो, म्हणून तोडणारीने तोंड पुसायच्या आधी हात धुवायचे. टाचदुखीवर काही जण बिबा लावतात, तो गयाबाईंच्या अंगणात बंद. "कातडं जाळून दुखनं विसरवाचं, हे कोनतं औषध?" सुंठ आणि गुळाचा काढा सगळ्यांना, पण जिला पोटात जळजळ तिला नाही. एकदा मी स्वतः लेप कालवला आणि मनगटावर लावून बघितला. नखाएवढा चुना म्हणजे कुणाचं नख ते विचारायचं राहिलं होतं. मनगट भाजलं. गयाबाईंनी हात हौदाच्या नळाखाली धरून ठेवला, मी ओढत होते तरी सोडला नाही.

"लिव्हाले सोपं हाय," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी शोभा कामावर आली नाही. गयाबाई तडक तिच्या घरी निघाल्या, मी मागोमाग. शोभा जमिनीवर पडली होती, ओकून ओकून रिकामी. अंगाला गार घाम. उठवायला गेलो तर डोळे फिरले आणि मान टाकली. मी म्हणाले, काढा करू का, पाय शेकू का. हाताला काहीतरी काम हवं होतं.

"पाला ठेव तिकडं. हे पाल्याचं काम नाई." गयाबाई मला पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या. मग शोभाच्या कानाशी वाकल्या. "पुडी कवा सोडली वो?"

घेतेस का, असं विचारलं नाही. कधी सोडली, एवढंच.

"चुलीत टाकली," शोभा पुटपुटली. "ताईनं सांगतलं त्याच दिवशी."



निरोप मिळताच अरविंदभाऊंनी उकळती कढई तशीच सोडून घरची चारचाकी काढली. समुद्रपूरच्या दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं आणि पुढे वर्ध्याला नेण्यास सांगितलं. वाटेत शोभाचं डोकं गयाबाईंच्या मांडीवर होतं.  मग गयाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माहा भाऊ असाच गेला. तोही पुडी घेई. आमी म्हनलं सोड, त्यानं सोडली. मंग पडला तं घरीच ठेवला, काढे पाजत. डॉक्टरनं नंतर सांगतलं. पुडी तोडाची नसते, उतरवाची असते."

"तुम्हाला माहीत होतं शोभा घेते ते?"

"तोंडावर दिसते."

"मग बोलला का नाहीत?"

"ती सांगन याची वाट पाहून राह्यली होती. चारचौघीत तिची लाज मी काऊन उघडी करू? एकटीत दोनदा विचारलं. नाई म्हने." मग म्हणाल्या, "चुकलंच. तिसऱ्यांदा विचाराले पाह्यजे होतं."

त्यांनी स्वतःची चूक सांगितली, माझी काढली नाही. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

वर्धा

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची. तिने समजावून सांगितलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग बाहेरचं एकदम तोडलं तर आत काहीच उरत नाही, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. आता हिला मोजून गोळी द्यायची आणि कित्येक आठवडे, कदाचित महिने, हळूहळू कमी करत आणायची.

"पुडी कुठे आहे?" तिने विचारलं. "तपासायला पाठवू. तक्रार करायला काहीतरी हातात हवं."

पुडीची राख झाली होती. माझ्या सांगण्यावरून. तो ताडपत्रीवाला अजून कुठल्यातरी बाजारात बसलेला आहे, आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा मीच जाळायला लावला. माझ्या पत्रकाने त्याचं काम इतकं चांगलं केलं की ते त्यालाही जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शोभा उठून बसली. चेहरा ओढलेला, पण डोळे जागेवर. गयाबाई संत्र सोलून फोडी देत होत्या.

"सांगाचं नाई तं नाई," गयाबाई म्हणाल्या, "पट्टा बांधाले काय झालतं तुले?"

शोभाने फोड हातातच धरली. "मी पट्टा बांधला की माह्या जागी उकिडवं कोन बसते? दोनदा पाह्यलं मी. तुमीच बसता. तुमाले दुखत नाई काय?"

"मले कुठं दुखते."

"मोरीतून उठताना भिंत धरता तुमी. ओळीत सगळ्याईचं ऐकता, सोताचं कधी सांगतलं? दहा वर्षांत एक तरी लाल बांधला?"

गयाबाई संत्र्याची साल दुमडत राहिल्या. मी त्या बाईंच्या प्रेमात पडले होते, अजूनही आहे. पण त्या दिवशी दिसलं की त्यांच्या नियमाला एक भोक होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या गुडघ्याने बुजवलं होतं. शोभाने ते बघितलं आणि पुडी विकत घेतली.

"अरविंदभाऊले सांगते," साल खाली ठेवत त्या म्हणाल्या. "अकरावी बाई लागन टोळीत. अन् मी पसराले जाईन."

"पट्टा बांधून," शोभा म्हणाली.

"हो वो, बांधून."

मी माफी मागायला तोंड उघडलं. रात्रभर वाक्यं जुळवली होती. शोभाने दोनच ऐकली.

"ताई, हे चुलीत टाकाचं तुमी किती गावात सांगतलं?"

"तुमच्याआधी दोन. आंजी आणि नाचणगाव."

"मंग इथी काय करून राह्यल्या? जा न."

पुन्हा नाचणगाव

आंजीच्या सरांना तिथूनच फोन केला. ते शाळा सुटल्यावर घरोघर फिरायला निघाले. नाचणगावला मात्र माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून मीच गेले. उरलेली पत्रकं पिशवीत होती. बसमध्ये बसून प्रत्येकावरची शेवटची ओळ काळ्या शाईने खोडली.

दारोदार एकच प्रश्न विचारत गेले: पुडी घेत होता का, आणि आता काय केलंत. बहुतेकांकडे पुडी नव्हतीच. दोघांची चालू होती. त्यांना सांगितलं, तशीच डॉक्टरकडे घेऊन जा, लपवू नका. एक जण म्हणाला, मागच्या हप्त्यात तं वेगळंच सांगत होत्या. म्हटलं, हो, चुकीचं सांगत होते. हे वाक्य पहिल्या दारात जमिनीकडे बघत म्हटलं, पाचव्या दारात समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

मग गावाच्या टोकाला एक घर. ओसरीवर एक आबाजी बसले होते, पूर्वी पुलगावच्या गिरणीत कामाला असलेले. त्यांनी मला ओळखलं. उशाखालून माझंच पिवळं पत्रक काढलं. त्यात पुडी गुंडाळलेली.

"मी फेकली नाई," आबाजी म्हणाले. "तुमी लय रागात बोलत होत्या. रागात सांगतलेलं मी चार दिस झाकून ठेवतो, मंग पाहतो."

मी खाली बसले. सगळं सावकाश सांगितलं. पुडी तपासायला मागितली तर त्यांनी त्या दिवशी घ्यायची चिमटी स्वतःकडे ठेवून बाकी देऊ केली. म्हटलं, चिमटीही घ्या आणि माझ्याबरोबर पुलगावच्या दवाखान्यात चला. ते चप्पल शोधायला लागले, आणि शोधता शोधता म्हणाले, "माही सून वनमाला, तिनं परवा टाकली चुलीत. कालपासून अंथरुनातून उठली नाई. आमाले वाटलं, थकली असन."

वनमालाला आम्ही दोघांनी धरून ऑटोत बसवलं. गारठलेली होती, ओठ कोरडे, पण बोलत होती. आबाजी पुढे ड्रायव्हरजवळ बसले, पुडी खिशात घालून, खिशावर हात ठेवून. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मी तिचा खांदा घट्ट धरत होते.

"तुमी डॉक्टरीनबाई हाय का?" तिने विचारलं.

"नाही. पुडी चुलीत टाका म्हणून सांगायला आलेली मीच."

तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता हात झटकून टाकेल. टाकला असता तर मी काही म्हणू शकले नसते.

"मंग सरका तिकडं थोडसं," वनमाला म्हणाली. "मले टेकाले जागा द्या."

मी सरकले. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, आणि पुलगाव येईपर्यंत मी ते हलू दिलं नाही.